पॉयरो म्हणजे मिशीवाला होम्स नव्हे

माझा मामेभाऊ शाळेपासून शेरलॉक होम्सचा भक्त. अगाथा ख्रिस्तीची पहिली कादंबरी मी त्याला वाचायला दिली, खुनाचा तपास करणाऱ्या तिच्या पॉयरोची, तर चौथ्या दिवशी पुस्तक टेबलावर आपटून म्हणाला, ‘ताई, हा तुझा पॉयरो काही करतच नाही. ना वेषांतर, ना पाठलाग. मिशा सांभाळतो आणि शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून प्रवचन देतो. होम्सने हे पंधरा पानांत उरकलं असतं.’

उरकलं असतंच. पण बुद्धिबळाच्या पटापुढे बसून ‘यात चेंडू कुठाय?’ असं विचारण्यातला हा प्रकार झाला. आणि दोष एकट्या त्याचा नाही. वाचनालयात दोघं एकाच कपाटात, ‘रहस्यकथा’ अशा एकाच चिठ्ठीखाली. दोन्हीकडे इंग्लंडातल्या हवेल्या, लॉर्ड आणि लेडी, चांदीच्या ट्रेमधून येणारी पत्रं, मालकाचं कपाळ आणि त्यात गोळी. त्यात आपण दोघांनाही सरसकट ‘गुप्तहेर’ म्हणतो, हे तर माझं जुनं दुखणं. गुप्तहेर शत्रूच्या गोटात शिरतो. पॉयरोचं गुप्त असं काहीच नाही, तो गावात आला की गावभर कळतं.

होम्स तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगते. पहिली कादंबरी 1887 मध्ये, ‘स्ट्रँड’ मासिकातल्या लघुकथा 1891 पासून, शेवटची कथा 1927 ची. एकूण 56 लघुकथा आणि 4 कादंबऱ्या. घोडागाडी, धुकं, पाइप. दुसरी जात म्हणजे ज्याला इंग्रजी रहस्यकथेचं सुवर्णयुग म्हणतात ते, ढोबळमानाने दोन महायुद्धांच्या मधलं: ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स आणि मंडळी. घोडागाडीच्या जागी मोटार आली, लघुकथेच्या जागी बहुतेकदा कादंबरी आली, पाइपच्या जागी मिशा आल्या. हे सगळं किरकोळ. ‘होम्स पुरावे शोधतो आणि पॉयरो मानसशास्त्र वापरतो’ हेही लोक फार ऐटीत सांगतात. अर्धवट खरं आहे, सोडून द्या.

खरी मेख वेगळीच आहे: शोध कोणी लावायचा? होम्सकथेत शोध होम्सने लावायचा आणि आपण ‘वा!’ म्हणायचं. सुवर्णयुगातल्या कादंबरीत शोध तुम्ही लावायचा असतो. लेखक तुमच्याविरुद्ध खेळायला बसलेला असतो आणि हातातले पत्ते लपवायचे नाहीत अशी त्याच्यावर अट असते.

होम्सच्या पहिल्याच कादंबरीतलं उदाहरण घ्या. लंडनमधल्या एका रिकाम्या घरात अमेरिकन माणसाचं प्रेत सापडतं. होम्स क्लीव्हलंडच्या पोलिसांना तार करतो, मृताच्या लग्नासंबंधी विचारतो, आणि उत्तरात चक्क खुन्याचं नाव येतं. ही तार कुणाला, कशासाठी केली होती आणि तिचं उत्तर काय आलं, हे आपल्याला कळतं शेवटच्या प्रकरणात. मधल्या सगळ्या वेळात आपण वॉटसनबरोबर तोंड उघडं टाकून बसलेलो. होम्सने भिंगातून काय पाहिलं, पाकिटात कसली पूड भरली, पोरांना कुणाच्या मागावर धाडलं, ते त्याच्या मर्जीने कळणार. यात फसवणूक नाही. जादूगाराने टोपी उलटी करून दाखवायची नसते आणि आपण तिकीट त्याचंच काढलेलं असतं.

पण ‘होम्सकथेत वाचकाला वस्तू दाखवत नाहीत, ख्रिस्ती दाखवते’ एवढ्यावर थांबलात, तर पुन्हा घोटाळा. कारण कधीकधी होम्सकथेतही सगळं दाखवलेलं असतं. 1892 ची ‘द स्पेकल्ड बँड’ बघा. सरे परगण्यातली पडकी हवेली, खानदानी पण कफल्लक आणि तापट डॉक्टर, सावत्र मुलीचा बंद खोलीत मृत्यू. होम्स खोली तपासतो आणि आपल्याला एकूण एक गोष्ट दिसते: घंटेचा दोर आहे, पण घंटा नाही. हवेचं भोक बाहेर न उघडता शेजारच्या खोलीत उघडतं. पलंग जमिनीला ठोकून बसवलेला. डॉक्टरच्या खोलीत तिजोरीवर दुधाची बशी. आता सोडवा.

नाही सुटत. कारण उत्तर म्हणजे एक भारतीय साप. (कथा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, रहस्य फोडलं म्हणून पत्रं पाठवू नका.) तो दोरावरून उतरतो, पुन्हा वर चढतो, शीळ ऐकून परत येतो आणि बक्षीस म्हणून दूध पितो. असा साप अस्तित्वात नाही. कथेत त्याचं जे नाव दिलंय त्या नावाचा साप भारतात कुणी पाहिलेला नाही. आणि साप दूध पीत नाही, हे तर सर्पमित्र आपल्याला दर नागपंचमीला घसा फोडून सांगतात. म्हणजे वस्तू सगळ्या टेबलावर मांडलेल्या, पण त्यांचा अर्थ लावायची चावी लेखकाच्या खिशात.

सुवर्णयुगाने नेमकं हेच बंद केलं. रोनाल्ड नॉक्स नावाचे कॅथलिक धर्मगुरू होते, स्वतः रहस्यकथा लिहायचे. त्यांनी 1929 मध्ये अशा कथांसाठी दहा आज्ञा लिहिल्या, अर्ध्या थट्टेत. त्यातली आठवी आज्ञा सगळे सांगतात: तपास करणाऱ्याला जो धागा सापडेल, तो तत्काळ वाचकासमोर ठेवायचा. मला चौथी जास्त महत्त्वाची वाटते: आजवर कुणाला माहीत नसलेलं विष चालणार नाही आणि शेवटी लांबलचक शास्त्रीय खुलासा करावा लागेल असं यंत्रही चालणार नाही. साप असता तर तोही चालला नसता. थोडक्यात, धागा दिसला पाहिजे आणि तो ओढण्याइतकी अक्कल साध्या वाचकापाशी असली पाहिजे. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये ‘डिटेक्शन क्लब’ निघाला. सभासद होताना महत्त्वाचा धागा वाचकापासून न लपवण्याची शपथ घ्यावी लागे, दैवी साक्षात्कार आणि योगायोग वर्ज्य. पहिले अध्यक्ष जी. के. चेस्टरटन.

मग सगळं दाखवायचं, तर रहस्य राहणार कुठे? इथेच माझा मामेभाऊ झोपला. ‘द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स’, हीच ती त्याने आपटलेली कादंबरी. ख्रिस्तीने ती पहिल्या महायुद्धात, टॉर्कीच्या रुग्णालयात औषधं बनवण्याच्या विभागात काम करत असताना लिहिली. 1920 मध्ये ती छापून आली. एसेक्समधली हवेली, श्रीमंत वृद्धा विषाने मेलेली. पॉयरो सकाळी तिची खोली तपासून जातो. थोड्या वेळाने परत येतो तर तिच्या कागदपत्रांच्या पेटीचं कुलूप तोडलेलं. तो फायरप्लेसजवळ जातो. वरून शांत, पण फळीवरच्या फुलदाणीवजा भांड्यांची (दिवा-विस्तव पेटवायच्या कागदी सुरळ्या ठेवायची ही भांडी) जागा सरळ करताना त्याचे हात थरथरत असतात.

वाचक काय वाचतो? थरथरणारे हात. ‘अरे, फारच चिडलाय’ म्हणतो आणि पान उलटतो. वस्तू सरळ करणं ही तर त्याची सवयच. कपड्यावर धुळीचा कण दिसला तर गोळी लागल्याहून जास्त दुखेल असा हा माणूस, हे आधीच हसत हसत सांगून झालेलं. पण थांबा. हाच माणूस सकाळी याच खोलीत होता. त्याच्या नजरेतून वाकडं भांडं सुटणं शक्य नाही. मग मधल्या वेळात ते पुन्हा वाकडं कसं झालं? कुणी हात लावला आणि का?

पुढचं सांगत नाही. पण बघा, इथे विषाचं शास्त्र नको, सापाचं नको, क्लीव्हलंडची तार नको. घरात एक तरी टापटिपीचा काका असलेल्या कुणालाही हे सुटावं. धागा विनोद म्हणून समोर ठेवलाय, लपवलेला नाही. आणि गंमत म्हणजे पॉयरोला स्वतःलाही तो बऱ्याच उशिरा, मित्राच्या सहज बोलण्यातून सुचतो.

त्या मित्राबद्दल दोन शब्द. गोष्ट सांगणारा कॅप्टन हेस्टिंग्ज म्हणजे दुसरा वॉटसन, असं म्हणतात. वॉटसनचं काम थक्क होणं. हेस्टिंग्जचं काम आपल्याला प्रामाणिकपणे चुकीच्या गल्लीत नेणं. तो खोटं बोलत नाही, फक्त चुकीच्या गोष्टीकडे टक लावून बघतो आणि आपण त्याच्या मानेमागून बघतो. पुढे 1926 मध्ये पॉयरोचीच ‘रॉजर अ‍ॅक्रॉइड’ आली, तिच्यात गोष्ट सांगणारा हेस्टिंग्ज नव्हे, दुसराच; तेव्हा त्याच्या तोंडून ख्रिस्तीने डाव चोरला, अशी ओरड झाली. माझं मत ठाम आहे: चोरला नाही. पुन्हा वाचा, प्रत्येक वाक्य खरं आहे.

आता श्रीमंतीचं. ‘दोन्ही उच्चभ्रूंच्या गुन्ह्यांच्याच गोष्टी ना?’ हो, पण उच्चभ्रू दोन्हीकडे वेगळ्या कामाला लावलेत. होम्सकडे ते अशील म्हणून येतात. बोहेमियाच्या राजाला एक छायाचित्र परत हवंय, ड्यूकचा मुलगा शाळेतून नाहीसा झालाय. भीती असते ती अब्रूची, आणि संकट पुष्कळदा बाहेरून येतं, अमेरिकेतून किंवा आपल्यासारख्या वसाहतींतून, जुनं वैर काखोटीला मारून. खून झालाच पाहिजे असंही नाही.

सुवर्णयुगात हवेली म्हणजे कुंपण. सात माणसं एका टेबलावर जेवली, त्यांतल्याच कुणीतरी हे केलं, बाहेरचा कुणी नाही. खेळ खेळायचा तर सोंगट्या मोजक्या हव्यात. आठला जेवणाची घंटा, त्याआधी कपडे बदलायला सगळे आपापल्या खोलीत, साडेदहाला कॉफी: घराला वेळापत्रक असलं की कोण कुठे होतं याचा हिशोब मांडता येतो. चाळीतल्या दोन खोल्यांत नऊ माणसं असली तर ‘त्या वेळी तू एकटा होतास का?’ हा प्रश्नच निकालात निघतो. वर मृत्युपत्र आहेच. सेयर्सच्या 1926 च्या कादंबरीत तर ड्यूकवरच खुनाचा आरोप येतो आणि त्याचा खटला चालतो थेट हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये. त्या काळी उमरावांचा तसा हक्कच होता, तो 1948 मध्ये काढून घेतला.

आणि कृपा करून ‘खून बटलरने केला’ हा विनोद आता पुरे. अमेरिकन लेखक एस. एस. व्हॅन डाइनने 1928 मध्ये वीस नियम मांडले, त्यात नोकराला गुन्हेगार करू नये असा स्पष्ट नियम आहे. कारण वाचून मात्र तोंड कडू होतं: म्हणे ते फारच सोपं उत्तर झालं, खुनी कसा तोलामोलाचा हवा. खुनातसुद्धा पंगत वेगळी.

हल्लीचे हवेलीतल्या खुनाचे चित्रपट या दोन्हींची खिचडी करतात. पोशाख, झुंबरं, सात संशयित, सगळं सुवर्णयुगाचं. शेवटी मात्र फ्लॅशबॅकमध्ये असं दृश्य दाखवतात जे आधी दाखवलेलंच नव्हतं. मी तेव्हा थिएटरात मोठ्याने ‘हे कधी दाखवलंत?’ म्हणते. घरचे माझ्याबरोबर येत नाहीत.

मामेभावाला मी आता एलरी क्वीनची 1929 ची पहिली कादंबरी दिलीय. हवेली नाही, न्यूयॉर्कचं नाट्यगृह आहे, पण तिच्यात ऐन उकलीच्या आधी गोष्ट थांबते आणि लेखक वाचकाला आव्हान देतो: आता सगळे धागे तुमच्याकडे आहेत, सांगा कोणी केलं. पठ्ठ्या त्या पानावर अकरा दिवस अडकलाय. पुढचं पान उलटायला तयार नाही, आणि मला फोन करून मधल्याच कुठल्यातरी प्रकरणात काय काय घडलं ते पुन्हा पुन्हा वाचून दाखवतो.