तरंगिका (वेव्हलेट) : प्रतिमा व वाणी संस्करणातील उपयोग

तरंगिका म्हणजे थोडा वेळ हेलकावून विरून जाणारी छोटी लाट. व्यवहारात वेव्हलेट हेच नाव जास्त चालते. अशी एकच लाट ताणून, आखडून आणि जागोजाग सरकवून तिच्या मापाने ध्वनी किंवा चित्र उलगडायचे, हे या गणिताचे सूत्र.

त्याची गरज नाशिककरांना रामकुंडाजवळच्या नारोशंकराच्या घंटेवरून चटकन उमगेल. टोला पडताच क्षणभर खणखणीत आघात होतो, मग गुंजन रेंगाळत राहते. फूरिये पद्धत ध्वनी अखंड लाटांमध्ये उलगडते; तिच्या वर्णपटात कोणत्या कंप्रता (दर सेकंदाला किती कंपने) आहेत ते दिसते. टोला कधी पडला ते दिसत नाही. तरंगिका आघातापाशी आखूड होते आणि गुंजनापाशी लांब, म्हणून दोन्ही हाती लागतात.

आल्फ्रेड हार याने १९०९ मध्ये पहिली तरंगिका मांडली, पण तेव्हा हे नाव नव्हते. तेलाच्या शोधात भूकंपी लहरी तपासणारे फ्रेंच अभियंते जाँ मोर्ले यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी विषयाला गती दिली. पुढे इव्ह मेयर, स्तेफान माला आणि इंग्रिड दोबेशी यांनी त्याचा पाया पक्का केला. मेयर यांना २०१७ चे आबेल पारितोषिक मिळाले.

हारची रीत शाळकरी मुलालाही जमेल. चित्राच्या ओळीतल्या चार ठिपक्यांची उजळता १००, १०२, ४०, ४२ आहे असे धरू. जोड्यांच्या सरासऱ्या १०१ आणि ४१. निम्मे फरक −१ आणि −१. सरासऱ्यांवर तीच क्रिया पुन्हा केली की ७१ आणि ३० उरतात. आता ७१, ३०, −१, −१ या चार आकड्यांवरून मूळ ओळ जशीच्या तशी परत मिळते. दोन्ही −१ टाकून दिले तर १०१, १०१, ४१, ४१ येते, आणि डोळ्याला फरक कळत नाही. प्रतिमा कमी जागेत साठवण्याचे, म्हणजे संक्षेपाचे, सारे मर्म यात आहे. जेपेग २००० हे प्रतिमा साठवण्याचे मानक तरंगिकांवरच उभे आहे. जुन्या जेपेगमध्ये फार संक्षेप केल्यावर दिसणारे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन त्यात उमटत नाहीत. अमेरिकेच्या एफबीआयने १९९३ मध्ये बोटांच्या ठशांसाठी ही पद्धत स्वीकारली. ठशाच्या प्रतिमेला लागणारी साठवण सुमारे पंधरा पट कमी होते.

नाशिकजवळच्या पांडवलेण्यातील तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा ब्राह्मी लेख आहे. अशा झिजलेल्या लेखाच्या छायाचित्रात दगडाचा खरबरीतपणा बारीक मापावर दिसतो आणि माप वाढले की विरतो. अक्षराची कड मात्र अनेक मापांवर टिकते. या भेदावरून अक्षर वेगळे काढता येते.

वाणीच्या संक्षेपात तरंगिकांना असे यश आले नाही. मोबाइलवरील बोलण्याचा संक्षेप प्रामुख्याने रेषीय पूर्वानुमानाने, म्हणजे ध्वनीच्या आधीच्या मूल्यांवरून पुढचे मूल्य अंदाजून, केला जातो. तरंगिकांचा खरा उपयोग गोंगाट काढण्यात आणि उच्चाराचा आरंभ टिपण्यात आहे. लासलगावच्या कांदा लिलावात ट्रॅक्टरच्या घरघरीत कोणी ‘सोळाशे’ पुकारतो. ठरावीक उंबरठ्याखालचे गुणक (वरच्या उदाहरणातल्या ३०, −१ सारखे आकडे) शून्य केले की बराच गोंगाट जातो, पण ‘स’ आणि ‘श’ हे घर्षक (हवेच्या घासण्याने उमटणारे) वर्ण मुळात गोंगाटासारखेच असतात. उंबरठा सर्व मापांवर सरसकट एकच ठेवला तर ते पुसले जाऊन ‘ओळाए’ एवढेच उरते. म्हणून प्रत्येक मापासाठी उंबरठा वेगळा ठरवावा लागतो.