गोळी लक्षाची, काळजी लाळेची

दात तपासायचा छोटा आरसा गालाच्या आतल्या बाजूला टेकवला की तो सहज घसरायला हवा. काही जणांच्या तोंडात तो चिकटतो, सोडवून घ्यावा लागतो. जिभेखाली एरवी लाळ साचलेली असते, तिथं नुसता फेस दिसतो. वरच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ उमटलेली असते. बेळगावात दातांचं काम करताना एखाद्या तरण्या पोराचं तोंड असं दिसलं, की मी आधी विचारतो, "कसली गोळी चालू आहे का?" पोरगा नाही म्हणतो. मग आई हळूच सांगते, "अभ्यासात लक्ष लागावं म्हणून मिरजेच्या डॉक्टरांनी दिलीय. ती पण सांगायची असते काय?"

ती तर आधी सांगायची असते.

ही गोळी एडीडीसाठी असते. एडीडी म्हणजे लक्ष टिकवण्यात कायम येणारी अडचण. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत हे नाव १९८० साली आलं आणि १९८७ मध्ये त्याचं एडीएचडी झालं, म्हणजे नावात अतिचंचलपणाही आला. तरी ज्यांच्यात फार वळवळ नसते, नुसतं लक्ष निसटतं, त्यांच्यासाठी जुनंच नाव अजून वापरात आहे. मुलींच्या बाबतीत हे हमखास नजरेतून सुटतं. त्या वर्गात गप्प बसून असतात, घरी वेंधळ्या ठरतात आणि निदान व्हायला कैक वर्षं जातात. आळसाशी किंवा वळण लावण्याशी याचा संबंध नाही. मेंदूतल्या डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनांच्या कामात फरक असतो, आणि गोळी त्यावरच काम करते.

आपल्याकडे यासाठी प्रामुख्यानं दोन औषधं दिली जातात. मिथाइलफेनिडेट स्वित्झर्लंडमध्ये १९४४ साली तयार झालं आणि १९५४ पासून विक्रीला आलं. दुसरं ॲटोमॉक्सेटिन, ते या शतकातलं. दोन्हींमुळे नॉरएपिनेफ्रिन वाढतं. हेच रसायन आपण दचकतो किंवा घाबरतो तेव्हाही शरीरात वाढतं, आणि घाबरल्यावर तोंडाला कोरड पडते हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पातळ लाळ सोडण्याचा निरोप नेणाऱ्या मज्जातंतूंचा जोर ओसरतो आणि उरलेली लाळ दाट, चिकट होते. सगळ्यांनाच हा त्रास होतो असं नाही. पण ॲटोमॉक्सेटिन घेणाऱ्या मोठ्या माणसांत तोंड कोरडं पडण्याची तक्रार अगदी नेहमीची आहे.

लाळ दिवसाला अर्धा ते दीड लिटर तयार होते. आपण गोड खाल्लं की दातांवरचे जीवाणू त्यातून आम्ल बनवतात. तोंडातला सामू (पीएच, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली उतरला की दाताच्या कवचातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतं. लाळ ते आम्ल पातळ करते, त्यातल्या बायकार्बोनेटनं मारते आणि गेलेलं कॅल्शियम पुन्हा दाताला देते. या सगळ्याला अर्धा ते एक तास लागतो. लाळच कमी असेल तर वेळ वाढतो, आणि तेवढ्यात माणूस परत काहीतरी तोंडात टाकतो. ती पांढरी रेघ म्हणजे कवचातून कॅल्शियम निघून गेल्याची खूण. अजून खड्डा पडलेला नसतो. या टप्प्यावर दात परत सावरू शकतो, म्हणून मला ती रेघ दिसली की उलट हुरूप येतो.

सगळा दोष गोळीवर टाकू नका. गोळीमुळेच कीड वाढते का, याबद्दल अभ्यासांत एकमत नाही. गोळी न घेणाऱ्या एडीडीच्या मुलांचे दातही किडतात, कारण रात्री घासायचं राहून जातं, घासायला लागलं तरी मधेच सुटतं. मात्र गोळीमुळे खाण्याची वेळ सरकते, ती बघायला हवी. सकाळी गोळी घेतली की दुपारी भूक मरते. "डबा तसाच परत आणूलाय," ही आयांची तक्रार मी नेहमी ऐकतो. संध्याकाळी गोळीचा असर उतरला की भूक एकदम उसळते. मग साखरेचा चहा, बिस्किटं, घरात असेल तर कुंदा, नाहीतर गोकाकचा कर्दंट. कर्दंटातला गूळ आणि डिंक दाढांच्या खाचांत तासन्‌तास बसून राहतो. खायला माझी ना नाही. जेवणासोबत एकदाच खा, वर पाणी प्या. तोंड कोरडं पडतं म्हणून लिंबाच्या गोळ्या चघळणं किंवा लिंबू सोडा पिणं मात्र सोडा, त्यात साखर आणि आम्ल दोन्ही असतं.

दुसरी गोष्ट दात खाण्याची. या औषधांवर काही जण दिवसा जबडा आवळून धरतात, रात्री दात करकरा वाजवतात. सकाळी कानशिलं दुखतात, दाढांचे उंचवटे सपाट होतात. खानापूरकडच्या खेड्यांतून येणाऱ्या घरांत याला हटकून पोटातले जंत जबाबदार धरले जातात आणि मुलाला जंतांची गोळी मिळते. जबडा मात्र तसाच दुखत राहतो. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना हे कळलं तर ते मात्रा किंवा वेळ बदलू शकतात, आणि आम्ही झोपताना दातांवर बसवायची पट्टी करून देऊ शकतो.

निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात आणखी एक काळजी आहे. तंबाखूतल्या निकोटिननं थोडा वेळ लक्ष लागल्यासारखं वाटतं. त्यामुळे एडीडी असलेल्यांना तंबाखूची सवय लवकर लागते आणि सुटायला जड जाते. दात घासायच्या नावाखाली लावलेली मशेरीही तंबाखूच. त्यात तोंड कोरडं असेल तर हिरड्यांची दैना होते. अशा माणसाला रागावून काही मिळत नाही. लक्षाचा उपचार नीट झाला तर तंबाखू सोडायलाही मदत होऊ शकते.

घासण्याचं म्हणाल तर आठवणीवर विसंबू नका. ब्रश उशाशी ठेवा, टीव्हीसमोर बसून घासलंत तरी चालेल. पेस्टमध्ये फ्लोराइड सुमारे १००० पीपीएम आहे का ते खोक्यावर वाचून घ्या. बऱ्याच वनस्पतींच्या पेस्टमध्ये ते नसतं. घासून झाल्यावर फेस थुंकायचा, खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, त्यामुळे रात्रीचं घासणं एकवेळ सकाळच्यापेक्षा महत्त्वाचं. दर तीन-चार महिन्यांनी फ्लोराइडचा लेप लावून घेतलात तर उत्तम.

दातांसाठी म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करू नका, हे हात जोडून सांगतो. लक्ष लागायला लागलं की घासणंही लक्षात राहतं.

आपल्या सीमाभागात मानसोपचाराचे डॉक्टर कोल्हापूर-मिरजेला आणि दातांचे डॉक्टर घराजवळ, असं सर्रास असतं. दोघांचे कागद एकमेकांना कधी भेटत नाहीत. त्यात मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समधलं, म्हणजे विक्रीवर कडक बंधनं असलेल्या सरकारी यादीतलं औषध. ते प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही आणि चिठ्ठीची एक प्रत दुकानदार ठेवून घेतो. आपल्या प्रतीचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा आणि दाताच्या खुर्चीत बसण्याआधी दाखवा. भूल द्यायच्या इंजेक्शनमध्ये बहुधा ॲड्रेनालिन असतं, त्यानंही नाडी वाढते. या गोळ्यांनी नाडी आणि रक्तदाब आधीच थोडा चढलेला असू शकतो. आम्हाला माहीत असलं तर आम्ही आधी बीपी बघतो, भूल बेतानं आणि सावकाश देतो. आणि वेळ घेताना सकाळची घ्या, गोळीचा असर चालू असतानाची, म्हणजे अर्धा तास तोंड उघडून बसणं जड जात नाही.