केवळ अंतर्गत ई-मेल

केवळ अंतर्गत ई-मेल : कंपनीच्या मेल सर्व्हरवर खाते असूनही काही कर्मचाऱ्यांना फक्त कंपनीतल्याच पत्त्यांवर मेल पाठवता येईल, अशी केलेली व्यवस्था. काही ठिकाणी अशा खात्यांवर बाहेरचा मेल येणेही बंद असते. ऑफिसातल्या बोलण्यात तिला नाव नाही. ‘त्याचा बाहेरचा मेल बंद आहे’ एवढेच म्हणतात.

महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांना ही कल्पना परकी वाटू नये. आवक-जावक बारनिशीत नोंद होऊन जावक क्रमांक पडल्याशिवाय कागद कचेरीबाहेर जात नसे; आतल्या आत मात्र टिपणी या टेबलावरून त्या टेबलावर मोकळेपणी फिरे. ई-मेल आला आणि बारनिशीची खिडकी गेली. ज्याच्याकडे आयडी, त्याचा कागद थेट जगात. केवळ अंतर्गत ई-मेल ही ती खिडकी काही जणांपुरती परत बसवण्याची खटपट आहे.

कोणाला आणि कशासाठी

ही बंदी बहुधा माणसावर नसते, जागेवर असते. कारखान्याचे गेट, स्टोअर, वजनकाटा, कँटीन, पाळीचा सुपरवायझर अशा ठिकाणी एकच आयडी तीन पाळ्यांतले पाच-सहा जण वापरतात. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो. त्यांचे काम मागणीपत्र, गेटपास, हजेरी, उद्याचे वेळापत्रक इतकेच, आणि ते सगळे आतल्या आत. नवे रुजू झालेले, प्रशिक्षणार्थी, कंत्राटी कामगार यांची खातीही अशीच उघडली जातात.

कारण विचारले की व्यवस्थापन ‘माहिती बाहेर जाऊ नये म्हणून’ असे सांगते. दरपत्रक, ड्रॉइंग, निविदेतले आकडे प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडू नयेत, हे खरेच. पण ज्याच्या खिशात कॅमेऱ्याचा फोन आहे त्याला ड्रॉइंग बाहेर न्यायला मेल सर्व्हर लागत नाही. या बंदीचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. मॉनिटरला चिकटवलेला तो पासवर्ड एखाद्या फसव्या मेलमधल्या खोट्या लॉगिन पानावर टाकला गेला, की त्या खात्यातून रातोरात हजारो स्पॅम मेल सुटतात. सकाळपर्यंत सर्व्हरचा आयपी पत्ता स्पॅमहाउससारख्या काळ्या यादीत गेलेला असतो आणि मग विक्री विभागाचे कोटेशनही ग्राहकाकडून परत येते. चोराच्या हाती पडलेल्या खात्याला बाहेरची वाटच नसेल, तर नुकसान आवारातच थांबते. हा फायदा सहसा कोणी फाइलवर लिहीत नाही.

लिफाफा आणि आतले पत्र

मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे नेण्याचे नियम एसएमटीपी या शिष्टाचारात (प्रोटोकॉलमध्ये) आहेत. जॉन पोस्टेल यांनी ते ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात मांडले. त्यांचे सुधारित रूप आरएफसी ५३२१ (२००८) मध्ये आहे. त्यात पाठवणारा आधी ‘मेल फ्रॉम’ म्हणून स्वतःचा पत्ता सांगतो, मग प्रत्येक प्राप्तकर्त्यासाठी एकेक ‘आरसीपीटी टू’ देतो, आणि शेवटी ‘डेटा’ म्हणून पत्राचा मजकूर ओततो. पहिल्या दोन गोष्टी म्हणजे लिफाफा. आपल्याला मेलच्या डोक्यावर दिसणारे ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ हे आतल्या कागदावरचे असतात. ते लिफाफ्याशी जुळलेच पाहिजेत असे बंधन नाही.

बंदी घालायची जागा दुसऱ्या पायरीवर असते. तिथे सर्व्हरला पाठवणारा आणि घेणारा दोघेही कळलेले असतात, पण मजकूर अजून आलेला नसतो. दहा एमबीची जोडलेली फाइल ओढून घेऊन मग नकार देण्यापेक्षा पत्ता ऐकताच नाही म्हणणे स्वस्त पडते.

पोस्टफिक्समधली रीत

या व्यवस्थेचे सर्वांत सुबक उदाहरण पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये सापडते. वित्से वेनेमा यांनी तो आयबीएमच्या संशोधन केंद्रात लिहिला आणि डिसेंबर १९९८ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. आपल्याकडे अनेक कंपन्या वापरतात त्या झिंब्रा या मेल-प्रणालीच्या पोटातही पोस्टफिक्सच आहे, त्यामुळे ही रीत नकळत पुष्कळांच्या वापरात आहे. पोस्टफिक्सच्या अधिकृत माहितीपत्रकातच या विषयावर एक भाग आहे. तिथे प्रश्नकर्त्याने आधीच हात जोडले आहेत : अशी बंदी हवी की नको यावर चर्चा नको, निर्णय माझा नाही. आयटीवाल्यांच्या नोकरीचे इतके प्रामाणिक वर्णन तांत्रिक कागदात क्वचितच मिळते.

रचना दोन याद्यांची आहे. एका यादीत ज्यांच्यावर बंदी त्यांचे पत्ते, आणि प्रत्येकासमोर एका नियमगटाचे नाव, उदाहरणार्थ ‘लोकल ओन्ली’. दुसऱ्या यादीत कंपनीची स्वतःची डोमेन नावे (पत्त्यातला @ नंतरचा भाग), प्रत्येकासमोर ‘ओके’. नियमगट असे सांगतो : प्राप्तकर्ता दुसऱ्या यादीत असेल तर जाऊ द्या, नसेल तर नाकारा. स्टोअरच्या खात्यातून लेखा विभागाला मेल निघाला, तर पहिल्या यादीत नाव सापडते, नियमगट लागू होतो, दुसऱ्या यादीत डोमेन सापडते आणि मेल पुढे सरकतो. तोच मेल पुरवठादाराच्या जीमेलवर निघाला, तर ‘५५४ ५.७.१’ या क्रमांकाने परत फिरतो. पाचने सुरू होणारा क्रमांक म्हणजे कायमचा नकार. चारने सुरू होणारा असता तर ‘थोड्या वेळाने पुन्हा या’ असा अर्थ झाला असता.

नवशिके ॲडमिन नेमके एका ठिकाणी अडखळतात. पोस्टफिक्स नियम वरून खाली वाचतो आणि पहिला ‘परवानगी’चा निकाल लागताच त्या यादीचे वाचन थांबवतो. ‘आपल्या नेटवर्कमधल्यांना जाऊ द्या’ किंवा ‘लॉगिन केलेल्यांना जाऊ द्या’ ही ओळ बंदीच्या ओळीच्या वर राहिली, तर बंदीपर्यंत सर्व्हर कधी पोहोचतच नाही. दुसरी अडचण दाराची. ऑफिसातले आउटलुक किंवा थंडरबर्ड मेल टाकताना साधारणपणे ५८७ क्रमांकाच्या पोर्टवरून येते, आणि त्या दारासाठी वेगळ्या फाइलमध्ये वेगळे नियम लिहिलेले असू शकतात. मग मुख्य फाइलमध्ये सगळे बिनचूक असते, चाचणी सर्व्हर एकमेकांशी बोलतात त्या २५ क्रमांकाच्या पोर्टवर केलेली असते, आणि स्टोअरमधून मेल बिनदिक्कत बाहेर जात राहतो.

नकाराची नोंद लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, ‘नोक्यू’ या शब्दाने पडते, कारण मेल रांगेत शिरलेलाच नसतो. त्याला रांगेतला क्रमांकही मिळत नाही. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात, त्यामुळे सहा महिन्यांत कोणी बाहेर मेल पाठवायचा प्रयत्न केला हे पाहता येते. कर्मचाऱ्याच्या पडद्यावर मात्र ‘ॲक्सेस डिनाइड’ एवढीच इंग्रजी ओळ उमटते. मजकूर बदलता येतो, पण एसएमटीपीची उत्तरे परंपरेने रोमन लिपीत असतात. ‘परवानगी नाही, विभागप्रमुखांना भेटा’ हे देवनागरीत लिहिण्याची सोय एसएमटीपीच्या २०१२ मधल्या विस्तारानंतर झाली, तीही दोन्ही बाजूंना तो विस्तार येत असेल तरच.

आणखी एक गंमत. मेल पाच जणांना असेल आणि त्यांतला एकच बाहेरचा असेल, तर सर्व्हर फक्त त्या एकाला नाही म्हणतो. पण थंडरबर्डसारखे प्रोग्राम एक नकार ऐकताच सगळे पाठवणेच थांबवतात. आतल्या चौघांनाही मेल जात नाही आणि ‘मेल चालत नाही’ असा फोन आयटीला येतो.

पळवाटा

पोस्टफिक्सचे माहितीपत्रक स्वतःच कबूल करते की ही रीत माणूस ओळखत नाही, लिफाफ्यावरचा पत्ता वाचते. लिफाफ्यावर साहेबांचा पत्ता लिहिला की दार उघडते. त्यावर उपाय म्हणजे लॉगिनचे नाव आणि पाठवणाऱ्याचा पत्ता जुळतो का हे तपासणे. ती तपासणी पोस्टफिक्समध्ये आहे, पण वेगळी चालू करावी लागते. चोरलेल्या खात्याचा वर सांगितलेला धोका टाळायचा असेल, तर ती चालू नसलेली बंदी अर्धीच.

बाकीच्या फटी कमी दिसतात. एखाद्या अंतर्गत गटपत्त्यात कोणी बाहेरचा सल्लागार जोडलेला असेल, तर लिफाफ्यावर गटाचा आतलाच पत्ता असतो. तो पास होतो आणि नंतर गट उलगडताना मेल बाहेर जातो. खात्यावर आपोआप पुढे पाठवण्याचा नियम लावला, तर तो मेल सर्व्हरच्या आतूनच निघतो, तपासणीच्या दारावरून जातच नाही. शिवाय लिफाफ्यावर बहुधा मूळ पाठवणाऱ्याचा पत्ता राहतो. ‘मी रजेवर आहे’ हे स्वयंचलित उत्तर तर रिकाम्या पत्त्याने जाते, म्हणजे ते पाठवणाऱ्यांच्या कुठल्याच यादीत सापडणार नाही.

यातली गटपत्त्याची फट काही ॲडमिन मुद्दाम ठेवतात. स्टोअरला रोज एकाच ट्रान्सपोर्टवाल्याला कळवायचे असेल, तर सगळी बंदी उठवण्याऐवजी त्या एकाच पत्त्याचा आतला टोपणपत्ता करून देतात.

इतर सर्व्हर

मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजमध्ये हेच काम मेल-प्रवाहाच्या नियमाने होते. पाठवणारा अमुक गटाचा सदस्य आणि प्राप्तकर्ता संस्थेबाहेरचा, तर कारण सांगून नाकारा. तिथे दुसऱ्याच्या पत्त्याने मेल पाठवायला वेगळी परवानगी लागते, म्हणून नाव बदलून निसटणे अवघड. गूगल वर्कस्पेसमध्ये ‘रिस्ट्रिक्ट डिलिव्हरी’ हे सेटिंग संस्थेच्या एखाद्या उपविभागाला लावता येते आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्या दोन्ही मेलना लागू होते. जुन्या सेंडमेलमध्ये पाठवणारा व घेणारा यांची जोडी एकत्र तपासणारा नियमसंच होता. लिहिणाऱ्याची कसोटी पाहणाराच.

येणारा मेल

जाणारा बंद आणि येणारा चालू ही सर्वाधिक आढळणारी स्थिती. ग्राहकाचे पत्र मिळते, उत्तर देता येत नाही. येणाराही बंद केला, तर स्पॅम थांबतो, पण वेगळेच अडते. खरेदी विभागातला नवा मुलगा पुरवठादाराच्या पोर्टलवर कंपनीचा आयडी देऊन नोंदणी करतो आणि पडताळणीच्या मेलची दुपारभर वाट पाहतो. तो मेल त्याच्याच कंपनीच्या दारातून परत गेलेला असतो.

इंटरनेटवर अस्तित्वातच नसलेले डोमेन देणे हा येणाऱ्या मेलवरचा सर्वांत जुना उपाय. अशा पत्त्याकडे येण्याचा रस्ता बाहेरच्या सर्व्हरला सापडत नाही. त्यासाठी पूर्वी ‘.लोकल’ सर्रास वापरत. ते २०१३ मध्ये दुसऱ्या तांत्रिक कामासाठी राखून ठेवले गेले आणि गोंधळ वाढला. जुलै २०२४ मध्ये इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅनने ‘.इंटर्नल’ हे नाव खासगी वापरासाठी कायमचे बाजूला काढले.

याच यंत्रणेचा उलटा वापर वित्तसंस्थांत दिसतो. तिथे बाहेरचा मेल मोकळा आणि आतलाच अडवलेला असू शकतो. संशोधन विश्लेषक व गुंतवणूक बँकिंग विभाग यांच्यामध्ये एक्स्चेंजच्या नियमाने भिंत उभी करतात. पोस्टफिक्समध्ये करायचे तर याद्या दोनच, फक्त दुसऱ्या यादीत समोरच्या विभागाचे पत्ते, ‘ओके’च्या जागी नकार, आणि यादीत नसलेल्यांना मुभा.