इंग्लंड-वेल्सच्या जुन्या कोळसा पट्ट्यात घर घेताना: खाण अहवाल आणि नुकसानीचा दावा

यॉर्कशर, नॉटिंगहमशर, डरहम किंवा दक्षिण वेल्समध्ये घरांच्या किमती लंडनच्या मानाने बऱ्याच कमी असल्यामुळे, नोकरीनिमित्त तिकडे गेलेली मराठी कुटुंबे भाड्याच्या घरातून लवकर बाहेर पडण्याचा विचार करतात, आणि मग वकिलाच्या पत्रात 'कोल मायनिंग सर्च', म्हणजे घराखालच्या व आसपासच्या कोळसा खाणींचा अहवाल, हे शब्द त्यांच्यासमोर येतात. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुसला ऑगस्ट २०२२ मध्ये राहते घर जमिनीत गडप झाल्याची बातमी ज्यांना आठवते, त्यांच्या पोटात गोळा येणे स्वाभाविक आहे. परंतु ब्रिटनमधील सुमारे एक चतुर्थांश मालमत्ता कोळसा क्षेत्रावर वसलेल्या आहेत आणि त्यांची खरेदी-विक्री सर्रास होते. अहवाल वेळेवर मागवला आणि त्यातील नेमक्या ओळी वाचल्या, तर निर्णय घेणे अवघड जात नाही.

या अहवालाला 'कॉन २९ एम' म्हणतात. तो मायनिंग रेमेडिएशन अथॉरिटीकडून मिळतो; १९९४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या संस्थेचे नाव नोव्हेंबर २०२४ पर्यंत 'कोल अथॉरिटी' होते, त्यामुळे जुन्या कागदांवर तेच नाव दिसेल. अहवाल मागवण्यास मालकीची किंवा नागरिकत्वाची अट नाही. प्रत्यक्षात तो खरेदीदाराचा वकील मागवतो आणि शुल्क खरेदीदार भरतो. घर गृहकर्जावर घ्यायचे असेल आणि परिसर खाणींचा असेल, तर कर्ज देणारी संस्थाही तो मागते.

अर्जासोबत मालमत्तेचा पूर्ण पत्ता आणि हद्द लाल रेषेने दाखवलेला नकाशा द्यावा लागतो. नोंदणीकृत घरासाठी लँड रजिस्ट्रीचा नकाशा पुरतो; नव्या वसाहतीतील घराला पोस्टकोड मिळालेला नसेल, तर सारी भिस्त विकासकाच्या नकाशावरच राहते. लाल रेषेत केवळ घर न दाखवता परसबाग आणि गॅरेजही येऊ द्यावे, कारण पुढील सर्व अंतरे या हद्दीपासूनच मोजली जातात. किंमत मान्य झाल्यावर लगेच अर्ज करावा. इंग्लंड आणि वेल्समध्ये करारांची अदलाबदल होईपर्यंत खरेदीदाराला कायदेशीर दंडाशिवाय माघार घेता येते, म्हणून अहवाल त्याआधी हातात असणे आवश्यक आहे.

अहवाल उघडल्यावर बहुतेकांची नजर पहिल्याच उत्तरावर थबकते. अमुक इतक्या थरांतून, अमुक खोलीवर कोळसा काढला गेला आणि शेवटचे काम अमुक साली झाले, असे तिथे लिहिलेले असते, आणि त्यामुळे जमिनीत होणारी हालचाल एव्हाना थांबलेली असावी असे वाक्य बहुधा त्याखालीच येते. कोळसा पट्ट्यातील असंख्य घरांच्या अहवालात ही ओळ असते. केवळ तिच्यामुळे घर सोडण्याचे कारण नाही.

खरे लक्ष द्यावे ते खाणीच्या तोंडांकडे, म्हणजे विहिरीसारखा उभा शाफ्ट किंवा डोंगराच्या कुशीत शिरणारा बोगदा यांकडे. हद्दीच्या आत किंवा हद्दीपासून २० मीटरच्या आत असे तोंड असेल, तर अहवालात त्याचा संदर्भ क्रमांक आणि ते बुजवल्याची माहिती असल्यास तीही येते. 'उपाययोजनेची नोंद नाही' असे लिहिले असेल, तर विषय तिथेच न संपवता त्या तोंडापासून घराला किती धोका आहे याचा विश्लेषणात्मक अहवाल मागवावा. खाण बंद करताना नकाशा जमा करण्याची सक्ती १८७२ पासूनची आहे. त्यापूर्वीच्या खाणींचे नकाशे असतीलच असे नाही. त्यानंतर जमीन खचल्याच्या जुन्या दाव्यांचे आणि खाणवायूचे उत्तर पाहावे. जुन्या कॉपीहोल्ड (पूर्वीच्या जमीनदाराच्या दफ्तरातील नोंदीवर धारण केलेल्या) जमिनीविषयीचा प्रश्न मात्र इतिहासप्रेमींनी तेवढा चवीने वाचावा.

घर घेतल्यानंतर खाणकामामुळे जमीन खचून भिंतीला तडे गेले, तर १९९१ च्या कोल मायनिंग सबसिडन्स कायद्यानुसार दुरुस्तीची जबाबदारी त्या अथॉरिटीवर किंवा परवानाधारक खाणचालकावर येते. मालकाला, तसेच दुरुस्तीची जबाबदारी ज्याच्यावर आहे अशा भाडेकरूलाही, नुकसानीची नोटीस देता येते. नुकसान कोळशाच्या खाणीमुळे झालेले असले पाहिजे. कॉर्नवॉलच्या कथिलाच्या किंवा अन्य खनिजांच्या खाणी या कायद्यात येत नाहीत.

नोटिशीची मुदत सहा वर्षांची आहे, आणि इथेच खरेदीदार फसतो. नोटीस देण्याचा हक्क असलेल्या कोणाही व्यक्तीला नुकसानीची आवश्यक माहिती प्रथम झाली, त्या दिवसापासून ही मुदत मोजली जाते; म्हणजे मागील दारावरच्या ज्या तिरप्या भेगेवर विक्रेत्याने रंगाचा हात फिरवला, तिची मुदत तुम्ही किल्ली घेण्यापूर्वीच सुरू झालेली असू शकते. म्हणून तडे, जुन्या नोटिसा आणि रोख घेतलेली भरपाई यांविषयी विक्रेत्याकडून वकिलामार्फत लेखी उत्तर घ्यावे.

नोटिशीसोबत मालकीचा पुरावा, तारखेसह छायाचित्रे, घर घेतानाचा सर्व्हे अहवाल आणि विमा कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जोडल्यास काम सोपे होते. भेगेवर पट्टी धरून काढलेले छायाचित्र, आणि त्याच जागेचे काही महिन्यांनंतरचे दुसरे, शब्दांपेक्षा अधिक सांगून जाते. नुकसानीचे स्वरूप आणि परिस्थिती खाणकामाकडे बोट दाखवत असेल, तर ते खाणकामामुळे झालेले नाही हे सिद्ध करण्याचा भार समोरच्या पक्षावर असतो. जमीन अजून हलत असल्यास दुरुस्ती काही काळ रोखून धरली जाऊ शकते.

घर वाढवण्याचा विचार असेल, तर आणखी एक परवानगी लक्षात ठेवावी. जमीन तुमच्या नावावर असली तरी तिच्याखालचा कोळसा आणि जुन्या कोळसा खाणी जवळपास सर्वत्र अथॉरिटीच्या मालकीच्या आहेत. त्यामुळे पायासाठीचे खोदकाम किंवा ड्रिलिंग कोळशाच्या थरात किंवा खाणीच्या पोकळीत शिरणार असेल, तर अथॉरिटीचे परमिट आधी घ्यावे लागते. स्थानिक कौन्सिलची बांधकाम परवानगी त्याऐवजी चालत नाही, म्हणून हे परमिट कोण काढणार हे ठेकेदाराकडून कोटेशनमध्येच लिहून घ्यावे.