म्हाताऱ्या माणसाला घरी बसून काय मिळू शकतं? खान्देशातल्या घरांसाठी अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

आमच्या गल्लीत एक मोठी माय आहे. मुलगा सुरतला, सून-नातवंडंही तिकडेच. माय एकटी राहते. मागच्या उन्हाळ्यात तिला बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रात घेऊन गेलो होतो. काचेच्या त्या छोट्या डबीवर तिने अंगठा ठेवला, मशीन लाल झालं. ओल्या फडक्याने पुसून परत ठेवला, परत लाल. दहाही बोटं फिरवून झाली. आयुष्यभर निंदणी आणि कापूस वेचणी केलेल्या हाताच्या रेषा गुळगुळीत झालेल्या. "मन्हा अंगठाच येत नही," म्हणाली आणि ओट्यावर बसून राहिली. तिचा पगार, म्हणजे श्रावणबाळ या सरकारी वृद्ध पेन्शन योजनेचे पैसे, खात्यात आलेले होते. फक्त हातात येत नव्हते.

तेव्हापासून जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच घरांचे कागद पाहिले. योजना नसते म्हणून माणूस अडतो असं फार थोड्या वेळा दिसलं. माणूस अडतो तो कागदांच्या क्रमात. म्हणून योजनांच्या आधी कागदांचंच सांगतो.

आधी तीन कागद सरळ करा

पहिला कागद आधार. नाव, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर या तीन गोष्टी बघा. आपल्याकडे बायकांच्या नावात एक घोळ ठरलेला असतो: आधारवर सुमनबाई, पासबुकात सुमन, रेशनकार्डावर तिसरंच काही. पुरुषांचं आडनाव एका कागदावर पाटील आणि दुसऱ्यावर मूळ कुळाचं. हे अर्ज करण्याआधी जुळवून घ्या, कारण अर्ज गेल्यावर त्रुटी निघाली की महिने जातात. जन्मतारखेचंही तसंच. कितीतरी जणांच्या आधारवर अंदाजाने १ जानेवारी टाकलेली असते आणि वय चार-पाच वर्षांनी कमी दिसतं. पासष्टची अट असलेल्या योजनेत तेवढ्यानेच नाव कटतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आधार केंद्रावर न्यावं लागत नाही. घरी येऊन नोंदणी किंवा दुरुस्ती करून देण्याची सोय आधार प्राधिकरणाकडे आहे, चौकशी १९४७ या नंबरवर करता येते.

दुसरं, बँक खात्याला आधार जोडलेलं असणं. नुसती झेरॉक्स बँकेत देऊन आलो म्हणजे झालं, असं समजू नका. सरकारी पैसे थेट खात्यात येतात (याला डीबीटी म्हणतात) ते आधार शेवटी ज्या खात्याला सीड झालं, म्हणजे जोडलं गेलं असेल त्या खात्यात. गावात कधीतरी शिबिरात जनधन खातं उघडलं, ते विसरून गेलो, आणि पैसे वर्षभर तिथेच पडून राहिले, असं मी दोन घरांत पाहिलं. बँकेत स्पष्ट विचारा: "डीबीटीसाठी माझं आधार कोणत्या खात्याला लागलंय?"

तिसरा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. तलाठ्याच्या अहवालावरून हा दाखला सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून मिळतो. इथे रेशनकार्डाचा प्रश्न येतो. म्हातारा-म्हातारी मुलाच्या कार्डावर असतील तर मुलाचं उत्पन्नही मोजलं जाण्याची शक्यता असते. ते खरोखरच वेगळे राहत, वेगळं शिजवून खात असतील, तर तालुक्याच्या पुरवठा शाखेत अर्ज देऊन आधी शिधापत्रिका विभक्त करा. नसतील तर खोटं सांगू नका. तलाठी घर बघायला येतो आणि गावात कोणाची चूल कुठे पेटते हे सगळ्यांना माहीत असतं.

दरमहा पैसे: श्रावणबाळ

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेसाठी वय ६५ पूर्ण लागतं, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य लागतं, आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेतून केंद्राचा वाटा येतो आणि वरची भर राज्य घालतं. लाभार्थ्याच्या हातात मात्र एकच रक्कम येते, २०२३ पासून बहुतेकांना महिन्याला १,५०० रुपये. वय पासष्टच्या आत असून माणूस निराधार, विधवा, दिव्यांग किंवा दुर्धर आजारी असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजना बघायची. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत.

२१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. ही मर्यादा आजच्या मजुरीपुढे फारच अपुरी आहे आणि ती वाढायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. चार दिवस निंदायला गेलेली म्हातारी या हिशोबाने श्रीमंत ठरायला वेळ लागत नाही. पण आज अर्ज करणाऱ्याला हीच मर्यादा धरून दाखला काढावा लागतो.

अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेत द्यायचा, किंवा सेतू केंद्रातून ऑनलाइन भरायचा. सोबत आधार, रेशनकार्ड, पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, फोटो, रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीचा उतारा, आणि वयाचा पुरावा. वयाच्या पुराव्यावर बरेच जण थबकतात, कारण त्या पिढीतल्या कितीतरी बायका शाळेची पायरी चढल्या नाहीत. शाळेचा दाखला नसला तरी चालतं. जन्मनोंदीचा उतारा, रेशनकार्ड किंवा मतदार यादीत लिहिलेलं वय चालतं. तेही नसेल तर ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांकडून वयाचा दाखला मिळतो. गावातल्या खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर पैसे घालवू नका.

अर्ज दिल्यावर पोच घ्या. शिक्का आणि तारीख असलेली पोच. तलाठ्याची चौकशी होते, मग प्रकरण तालुक्याच्या समितीच्या बैठकीपुढे जातं. बैठक कधी होते त्यावर मंजुरीचा वेळ ठरतो, त्यामुळे पुढची बैठक कधी आहे हे शाखेत विचारत राहायला हरकत नाही. नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. "तुमचं बसत नाही" एवढ्या तोंडी उत्तरावर घरी परत येऊ नका.

मंजुरीनंतरही एक काम दरवर्षी राहतं ते हयातीच्या दाखल्याचं. वर्षातून एकदा माणूस जिवंत आहे याचा पुरावा दिला नाही तर पगार थांबतो, आणि थांबलेला पगार सुरू करायला नव्या अर्जाएवढीच पायपीट होते. घरातल्या कॅलेंडरवर ती तारीख लाल पेनाने लिहून ठेवा.

अंगठा उठत नसेल तर

मोठ्या मायचं पुढे काय झालं ते सांगतो. बोटांऐवजी डोळ्याचं बुबुळ किंवा चेहरा दाखवून ओळख पटवता येते, पण प्रत्येक केंद्रावर ते यंत्र नसतं. तिचे पैसे शेवटी बँकेच्या शाखेतून विड्रॉल स्लिपवर अंगठा उमटवून निघाले, साक्षीदारासमोर. मूळ शाखेत ही सोय असते, ती मागून घ्यावी लागते. दुसरं म्हणजे, ७० वर्षांवरच्या आणि आजारी-अपंग खातेदारांना घरपोच रोख देण्याची सोय करावी, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे. व्यवस्थापकांकडे साध्या कागदावर अर्ज करा. तिसरा मार्ग आपला पोस्टमन. पोस्ट पेमेंट्स बँकेचं यंत्र त्याच्याकडे असतं आणि कोणत्याही बँकेतल्या आधार-जोडलेल्या खात्यातले पैसे तो दारात देऊ शकतो. अक्कलकुवा-धडगावकडे जिथे बँक चाळीस-पन्नास किलोमीटरवर असते, तिथे हा मार्ग फार मोलाचा आहे. फक्त पाड्यावर रेंज येते ती जागा पोस्टमनला आधी सांगून ठेवा.

घरी येणारी आरोग्यसेवा

याबद्दल लोकांना सर्वांत कमी माहिती आहे आणि याला कसलाही अर्ज लागत नाही. राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रम २०१० पासून सुरू आहे. त्यात अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांच्या घरी आरोग्य कर्मचाऱ्याने भेट देणं आणि घरातल्या माणसाला सेवा कशी करायची ते शिकवणं, हे उपकेंद्राचं काम म्हणून लिहिलेलं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्येष्ठांसाठी आठवड्यातून एक दिवस ठेवायचा असतो.

आपल्या बाजूने करायचं ते इतकंच: गावातल्या आशाताईंना सांगून रुग्णाचं नाव उपकेंद्राच्या नोंदीत घालून घ्या. नाव, वय, आजार, किती दिवसांपासून पडून आहे, पाठीला जखम आहे का, लघवीची नळी आहे का. एवढं एका कागदावर लिहून उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना द्या. पाठीच्या जखमेसाठी म्हाताऱ्याला रिक्षात घालून तालुक्याला नेताना त्याचे जे हाल होतात ते मी पाहिले आहेत. कूस कधी बदलायची, पाठ कशी कोरडी ठेवायची, हे सुनेला किंवा लेकीला घरातच कोणी दाखवून दिलं तर त्यातल्या अर्ध्या चकरा वाचतात.

दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर वय ७० पूर्ण असलेल्या प्रत्येकासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. ते २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात. आधार ई-केवायसी करून आयुष्मान ॲपवर किंवा सेवा केंद्रात ते निघतं. वय आधारवरूनच मोजतात, म्हणून वर सांगितलेली जन्मतारखेची दुरुस्ती पुन्हा आठवा. माहितीचा नंबर १४५५५. कार्ड आजारी पडण्याआधी काढा. आयसीयूच्या बाहेर उभं राहून ओटीपी शोधणं फार वाईट असतं.

काठी, चष्मा, कमोड खुर्ची

मुख्यमंत्री वयोश्री योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. वय ६५ पूर्ण (मूळ निर्णयात ३१ डिसेंबर २०२३ ही तारीख धरली आहे), कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत, आणि मागच्या तीन वर्षांत तेच साधन सरकारकडून फुकट मिळालेलं नसावं. खात्यात एकदाच ३,००० रुपये येतात. त्यातून चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा किंवा कमरेचा पट्टा घ्यायचा आणि ३० दिवसांत बिल द्यायचं. अर्ज जिल्ह्याच्या सामाजिक न्याय भवनात, समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे. आधार किंवा मतदान कार्ड, पासबुक, दोन फोटो आणि स्वयंघोषणापत्र लागतं. जाण्याआधी सध्या अर्ज स्वीकारताहेत का, एवढं फोनवर विचारा. नवापूरहून नंदुरबार किंवा रावेरहून जळगाव ही म्हाताऱ्या माणसासाठी छोटी फेरी नाही, जरी पंचाहत्तरीच्या पुढे एसटी फुकट आणि ६५ ते ७५ मध्ये अर्ध्या तिकिटात असली तरी.

सगळ्यात आधी काय घ्यायचं असं कोणी विचारलं तर मी कमोड खुर्ची सांगतो. रात्री अंगणापलीकडच्या संडासात जाताना पडून खुबा मोडलेली माणसं प्रत्येक गावात आहेत.

मुलं बघत नसतील तर

हा विषय लोक दबक्या आवाजात बोलतात. "आपल्याच पोरावर केस कशी करू?" हा प्रश्न मला अमळनेरच्या एसटी स्टँडवर एका बाबांनी विचारला होता, आणि त्यांचे डोळे भरले होते. ही फौजदारी केस नाही, हे मी त्यांना आधी सांगितलं. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायद्याखाली प्रांत कार्यालयात, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे साधा अर्ज करता येतो. वय ६० पूर्ण असलेला कोणीही, आणि आई-वडील असतील तर वयाची अटही नाही. मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं जबाबदार ठरतात. मूलबाळ नसेल तर ज्याला मालमत्ता मिळणार तो नातेवाईक. दरमहा १०,००० पर्यंत निर्वाहभत्ता लागू शकतो, आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो. वकील लावावा लागत नाही. स्वतः जाता येत नसेल तर दुसरी व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. रावेर-यावलच्या लोकांसाठी प्रांत कार्यालय फैजपूरला आहे.

अर्जात मुलांची नावं-पत्ते, ती काय कमावतात, आपला औषधपाण्याचा महिन्याचा खर्च, आणि वयाचा पुरावा जोडा. निकाल विरोधात गेला तर आई-वडिलांना ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अपील न्यायाधिकरणाकडे जाता येतं.

आणि शेत किंवा घर बक्षीसपत्राने मुलाच्या नावावर करत असाल तर हात जोडून सांगतो: "आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर" हे वाक्य दस्तात लिहूनच घ्या. त्या वाक्याच्या जोरावर, कलम २३ खाली, सांभाळ न झाल्यास न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. वाक्य नसेल तर लढाई फार अवघड होते.

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांनी पोलीस ठाण्यात आपलं नाव नोंदवून ठेवावं. आणि काहीच सुचत नसेल तर १४५६७, ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन, सकाळी ८ ते रात्री ८, फोन फुकट. मोठ्या मायच्या मोबाइलमध्ये १ दाबून ठेवला की तो नंबर लागतो, असं तिच्या नातवाने दिवाळीत करून दिलंय. त्याखालोखाल २ वर आमच्या घरचा नंबर आहे.