अ फ्यू एकर्स ऑफ स्नो

अ फ्यू एकर्स ऑफ स्नो : दोघांनी खेळायचा, पट आणि पत्ते दोन्ही लागणारा डावपेचांचा खेळ. ब्रिटिश रचनाकार मार्टिन वॉलेस यांनी तो तयार केला आणि त्यांच्याच ट्रीफ्रॉग गेम्सने २०११ मध्ये बाजारात आणला. अठराव्या शतकात उत्तर अमेरिकेच्या ताब्यासाठी ब्रिटन व फ्रान्स यांच्यात झालेला झगडा हा त्याचा विषय. नाव फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरच्या ‘कांदीद’ या कादंबरीतले (१७५९) आहे. कॅनडाजवळच्या काही एकर बर्फासाठी दोन राष्ट्रे भांडताहेत आणि सबंध कॅनडाच्या किमतीहून जास्त पैसा त्यावर उधळताहेत, असा टोमणा तिथे आहे.

एक खेळाडू ब्रिटन, दुसरा फ्रान्स. हातात पाच पाने आणि एका पाळीत दोन कृती : वसाहत, तटबंदी, वेढा, धाड, व्यापार असे काही. क्वेबेक पडले की ब्रिटन तत्काळ जिंकते. बॉस्टन किंवा न्यूयॉर्क पडले की फ्रान्स. एरवी गावांचे, शहरांचे आणि बळकावलेल्या सोंगट्यांचे गुण मोजायचे. फ्रेंचांचा पैसा मुख्यतः बीव्हर या केसाळ प्राण्याच्या कातड्यांच्या व्यापारातून येतो, तर ब्रिटिशांना वसाहतींचेच उत्पन्न पुरते.

खेळाची खरी गंमत पत्त्यांत आहे. डॉमिनियन (२००८) या खेळाने रुजवलेली, खेळता खेळता आपला कॅट घडवत नेण्याची पद्धत वॉलेस यांनी पटावरच्या युद्धाला जोडली. नवे ठाणे वसवले की त्या ठाण्याचे पान आपल्या कॅटमध्ये येते, हवे असो वा नसो. राज्य वाढते तसा कॅट फुगतो आणि नेमके हवे ते पान हातात यायला पाळ्यांमागून पाळ्या जातात. नदीमार्गे नव्या ठिकाणी जायचे तर त्या ठिकाणाशी जोडलेल्या ठाण्याचे पान आणि होडीचे चिन्ह असलेले पान एकाच वेळी हातात लागते. पिसलेल्या पत्त्यांत ते जुळून येण्याची वाट पाहणे म्हणजे अटलांटिकपलीकडून हुकूम आणि रसद येण्याची वाट पाहणे. दळणवळणाचे रटाळ नियम न लिहिता वॉलेस यांनी हे साधले, आणि खेळाचे मोठेपण त्यातच आहे. वेढ्यात घातलेली पाने वेढा उठेपर्यंत परत मिळत नाहीत, त्यामुळे लांबलेला वेढा दोघांनाही जेरीस आणतो. मूळ रहिवाशांना मात्र इथे स्वतःची बाजू नाही. ते दोन्ही साम्राज्यांच्या कॅटमधली पाने होऊन राहतात.

प्रकाशनानंतर लवकरच सराईत खेळाडूंना एक खाच सापडली आणि तिला ‘हॅलिफॅक्स हॅमर’ असे नाव पडले. ब्रिटिश खेळाडूने वसाहती वाढवण्याच्या भानगडीत पडायचे नाही. कॅट मुद्दाम सडपातळ ठेवून हॅलिफॅक्स हे बंदर वसवायचे, सैन्याची पाने गोळा करायची, आधी फ्रेंचांचे तटबंदीचे बंदर लुइसबर्ग घ्यायचे आणि मग थेट क्वेबेकला वेढा घालायचा. फ्रेंचांना यावर खात्रीचा उतारा सापडेना. वॉलेस यांनी नियमांत दुरुस्त्या केल्या, तरी तक्रार पूर्णपणे मिटली नाही. नवख्यांमधला डाव मात्र आजही अटीतटीचा होतो.

गंमत अशी की, इतिहासातही ब्रिटिश याच वाटेने गेले. १७४९ मध्ये वसवलेल्या हॅलिफॅक्समधून त्यांचे आरमार निघाले, १७५८ मध्ये लुइसबर्ग पडले आणि १३ सप्टेंबर १७५९ रोजी क्वेबेकबाहेरच्या लढाईनंतर ते शहरही गेले. ब्रिटिशांचा वुल्फ व फ्रेंचांचा माँकाम हे दोन्ही सेनापती त्या लढाईतल्या जखमांनी मेले. लुइसबर्गचा धागा भारतापर्यंतही येतो. १७४५ मध्ये ब्रिटिशांनी ते एकदा जिंकले होते. १७४८ च्या एक्स-ला-शापेलच्या तहात त्यांनी ते फ्रेंचांना परत केले आणि फ्रेंचांनी १७४६ मध्ये घेतलेले मद्रास ब्रिटिशांना परत मिळाले.

कॅट आणि पट यांची ही सांगड पुढे वॉलेस यांनी मिथोटोपिया (२०१४) या काल्पनिक राज्यांच्या खेळात वापरली. डॅनियल बर्गर यांच्या हँड्स इन द सी (२०१६) मध्ये तीच रोम आणि कार्थेज यांच्या पहिल्या प्यूनिक युद्धाला लावलेली आहे.