वजन बेताचं असलं तरी मुलाचं बीपी मोजा

मूल अंगाने बारीक असलं की त्याचं बीपी मोजून घ्यावं असं कुणाच्या मनातही येत नाही. आपल्याकडे मात्र बारीक अंगातही चरबी जास्त असू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची मापं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली आणि ती २००३ साली प्रसिद्ध केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. पोटाचा आणि दंडाचा घेर आपल्या बाळांचा बराच कमी, पण पाठीवर खांद्याच्या हाडाखाली घेतलेली कातडीची चिमटी, म्हणजे कातडीखालची चरबी, त्या मानाने जाड. कमी पडले होते ते स्नायू आणि पोटातले अवयव.

म्हणून वजनकाट्यासोबत टेप हवी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर घेर मोजा. तो उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. १४० सेंमी उंचीच्या मुलाचा ७० सेंमीच्या आत. पोटातली चरबी वाढली की रक्तातलं इन्शुलिन वाढतं, मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसा जास्त चेततात आणि दाब चढतो.

बीपी तिसऱ्या वर्षापासून वर्षातून एकदा मोजायला हवं. शाळेच्या तपासणीत चूक होते ती बहुधा दंडाला बांधायच्या पट्ट्याची. पट्ट्यातल्या हवेच्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या किमान ४० टक्के आणि लांबी ८० ते १०० टक्के हवी. दंड २४ सेंमीचा असेल तर पिशवी साधारण १० सेंमी रुंद आणि १९ ते २४ सेंमी लांब. जाड दंडावर लहान पट्टा आवळला की आकडा खोटाच वर जातो. मोठ्या माणसाचा पट्टा सडपातळ मुलाला लावला तर आकडा खाली येतो आणि खरा त्रास सुटून जातो. मैदानावरून धावत आलेल्या मुलाला आधी पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, उजवा हात हृदयाच्या पातळीवर, बोलणं बंद. डाव्या हाताला जाणाऱ्या फाट्याजवळ महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, जन्मतः अरुंद असेल तर डाव्या हाताचा आकडा फसवा कमी येतो, म्हणून उजवाच हात.

दहा वर्षांच्या मुलाचं बीपी १०८/७२ किंवा मुलीचं १०९/७२ पर्यंत पोचलं, वरचा किंवा खालचा कुठलाही एक आकडा, तर वय-लिंग-उंचीच्या तक्त्यावर नीट तपासावं. तेराव्या वर्षापासून १२०/८० ही रेघ. एका दिवसाच्या आकड्यावर आजाराचा शिक्का मारू नये. तीन वेगवेगळ्या भेटींत वाढलेलं दिसलं तरच तो उच्च रक्तदाब. सहा वर्षांखालच्या मुलात तो सापडला तर आधी मूत्रपिंडांचा शोध घ्यावा लागतो.

आता व्यायाम. ५ ते १७ वयासाठी जागतिक आरोग्य संघटना रोज सरासरी ६० मिनिटं सांगते, तीही दम लागेल अशी: बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत. शिवाय आठवड्यातून तीन दिवस जोरकस धावपळ आणि उड्या, दोरी, सूर्यनमस्कार असं स्नायू-हाडांना ताण देणारं काही. पीटीच्या तासात एवढं होतं का, ते घड्याळ लावून पाहावं. खो-खोत एका वेळी मैदानात पळतात चौघं, एक पाठलाग करणारा आणि तीन बचावाचे. आठ जण बसलेले, बाकीचे वाट बघत उभे. खेळ उत्तमच आहे, पण साठ मुलांच्या वर्गाला एकच मैदान दिलं तर प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटंच येतात. चार-पाच छोटे गट करून लंगडी, साखळी, दोरीउड्या एकाच वेळी लावल्या तर त्याच तासात सगळी पोरं घामाघूम होतात.

काही महिन्यांनी वजन तेवढंच दिसलं म्हणून व्यायाम सोडू नका. स्नायू वाढतात, चरबी घटते, काटा जागचा हलत नाही. रक्तवाहिन्या मात्र जास्त सैलावायला लागतात. बीपी उतरतं ते थोडंच, पण चढ वेळीच थांबणं या वयात फार मोलाचं आहे. तेरा वर्षांपुढच्या मुलाचं बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल, तर ते आटोक्यात येईपर्यंत वजनं उचलणं बंद ठेवायचं आणि बाकी काय खेळायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवायचं.